सोया मेणबत्ती खरंच ‘शुद्ध’ असते का?

पॅराफिन विषारी, सोया सुरक्षित! हा दावा शोधत गेलात की बहुतेकदा २००९ला पोचता. साउथ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात सांगितलं, की पॅराफिनच्या धुरात टोल्युइन सापडलं. ठीक. पण सापडणं वेगळं आणि खोलीच्या हवेत अपाय होण्याइतकं असणं वेगळं. शिवाय अधिवेशनातलं सादरीकरण म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेला पेपर नव्हे. उलट बाजूने, मेणामेणांत फारसा फरक नाही म्हणणाऱ्या २००७च्या अभ्यासाला पैसा मेणबत्ती उद्योगाचा! मला दोन्हीकडे वातीची चर्चा कमी वाटते. वात लांब राहिली, ज्योत फडफडली, की सोयासुद्धा काजळी सोडतं. म्हणून असा पेपर हातात आला की आधी वातीची लांबी, वारा आणि खोलीचं आकारमान दिलंय का बघा.