खिडकीतून सँडविच मिळतं, बसायला जागा नाही

(‘द बेअर’ पाहिली नसेल तर आधीच सांगते: पुढे चारही सीझनमधल्या गोष्टी उघड होतात.)

तिसऱ्या सीझनच्या सहाव्या भागाचं नाव ‘नॅपकिन्स’. टीना नावाची मध्यमवयीन बाई शिकागोभर नोकरी शोधत फिरते आहे. अनेक वर्षांची नोकरी एका झटक्यात गेली आहे. ठिकठिकाणी बायोडेटा देऊन झालेत, पण तिच्या अनुभवाचं कुणालाच काही पडलेलं नाही. थकून ती एका सँडविचच्या दुकानात शिरते आणि फक्त कॉफी मागते. काउंटरवरचा रिची कॉफी देतो आणि सोबत जास्तीचं झालेलं एक सँडविचही देतो, फुकट. ती आतल्या टेबलाशी जाऊन बसते, खाते आणि खाता खाता तिला रडू फुटतं. दुकान चालवणारा मायकल ते बघतो, विचारपूस करतो, समोर बसतो. दोन अनोळखी माणसं बराच वेळ बोलतात. त्या बोलण्यातून टीनाला नोकरी मिळते.

हा भाग आयो एडेबिरीने दिग्दर्शित केलाय, म्हणजे मालिकेत सिडनी साकारणाऱ्या अभिनेत्रीने. तो खूप नावाजला गेला आणि ते योग्यच आहे. पण तो पाहताना मला एक गोष्ट टोचत राहिली. टीना जिथे बसून रडली ते टेबल आपण हा भाग पाहतो तोवर शिल्लकच नाही. दोन सीझन आधीच ते दुकान बंद झालंय. ते बंद झालं तेव्हा आपण, प्रेक्षकांनी, टाळ्या वाजवल्या होत्या.

मी टाळ्या का वाजवल्या होत्या, ते शोधण्यासाठी हा लेख.

आधी थोडी ओळख. क्रिस्टोफर स्टोररची ही मालिका 2022 साली सुरू झाली. कार्मी बर्झाटो हा मोठमोठ्या रेस्टॉरंटांत नाव कमावलेला तरुण शेफ. भावाच्या, म्हणजे मायकलच्या, आत्महत्येनंतर तो शिकागोला परततो. वारशात त्याला मिळतं ‘द ओरिजिनल बीफ ऑफ शिकागोलँड’ हे कुटुंबाचं जुनं दुकान. डोक्यावर अंकल जिमीचं तीन लाख डॉलरचं कर्ज, पुरवठादारांची देणी, आणि कुणाचंही न ऐकणारे जुने कामगार. पहिल्याच भागात दिवसापुरतं मांस आणायला कार्मीला स्वतःचे जुने डेनिमचे कपडे मोडीत काढावे लागतात.

दुकानात विकलं जातं ते इटालियन बीफ. अमेरिकेत ‘सबमरीन’, ‘होगी’, ‘हीरो’, ‘ग्राइंडर’ अशा नावांनी जी लांब पावाची सँडविचं मिळतात, त्यांचं हे शिकागोतलं भावंड. भाजलेल्या मांसाचे कागदासारखे पातळ काप, वर त्याच मांसाचा पातळ रस, गोडसर मिरच्या किंवा जार्डिनेरा, म्हणजे तेलात मुरवलेल्या तिखट-आंबट भाज्या. मागितलं तर अख्खं सँडविच रसात बुडवून देतात आणि मग ते हातातून निथळत खावं लागतं. ‘बीफ’ हा शब्द आपल्याकडे राजकारणाचं ओझं घेऊन येतो. शिकागोत तो कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीतला शब्द आहे. 1865 ते 1971 या काळात या शहरात युनियन स्टॉकयार्ड्स हा प्रचंड मोठा जनावरांचा बाजार आणि कत्तलखान्यांचा परिसर होता. गरीब इटालियन स्थलांतरितांच्या वाट्याला येणारं मांस स्वस्तातलं आणि चिवट असायचं. ते तासन्‌तास शिजवायचं, शक्य तितकं पातळ कापायचं आणि पावात भरून जास्तीत जास्त माणसांना पुरवायचं, अशी या सँडविचची जन्मकथा सांगितली जाते. म्हणजे थोडक्यात अनेकांचं पोट कसं भरेल, या प्रश्नाला मिळालेलं ते उत्तर आहे.

आता मालिका या दुकानाकडे कशी बघते ते पाहू. पहिल्या सीझनमधलं स्वयंपाकघर आपल्या अंगावर येतं. आरडाओरडा, वाफ, घड्याळ, सतत हलता कॅमेरा. कामगारांचे चेहरे आपल्याला पाठ होतात. गिऱ्हाइकं मात्र गर्दी म्हणूनच येतात. काउंटरपलीकडचं एकही माणूस नावानिशी लक्षात राहत नाही. कथेला कलाटणी देणारं गिऱ्हाईक एकच. सिडनीने केलेला रिसोटो मेन्यूवर घ्यायला कार्मी तयार नसतो, तेव्हा ती तो दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला देऊन टाकते. तो निघतो खाद्यसमीक्षक.

त्याचं परीक्षण छापून येतं आणि मग येतो गाजलेला सातवा भाग, ‘रिव्ह्यू’. जवळजवळ अख्खा भाग एकाच सलग शॉटमध्ये. त्याच दिवशी दुकानाची ऑनलाइन ऑर्डर सेवा सुरू होणार असते आणि आगाऊ ऑर्डरचा पर्याय चुकून चालू राहिलेला असतो. छोटं प्रिंटर कागदाची पट्टी ओकत सुटतं, ओकतच राहतं. दुकान उघडायच्या आधीच शेकडो ऑर्डरी, आणि त्यामागे चेहरा एकही नाही. लोक या भागाबद्दल बोलतात ते सलग शॉटसाठी. मला त्यातली भीती जास्त जवळची वाटते. आपण रोज फोनवरून दुसऱ्या टोकाच्या कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अशीच एक पट्टी टाकत असतो, आणि आपल्यालाही तिथला चेहरा दिसत नाही.

आता दोन ताटं शेजारी ठेवा. समीक्षकाला मिळालेला रिसोटो आणि टीनाला मिळालेलं जास्तीचं सँडविच. दोन्ही कुणीतरी सहज देऊन टाकलेली. एकातून वर्तमानपत्रात कौतुक आलं. दुसऱ्यातून एका बाईला रोजगार मिळाला आणि दुकानाला वर्षानुवर्षं टिकणारी स्वयंपाकीण. मालिकेने पहिल्या ताटाच्या मागे धावायचं ठरवलं. दुसऱ्या ताटाची आठवण तिला तिसऱ्या सीझनमध्ये झाली.

पहिला सीझन संपतो तेव्हा टोमॅटोच्या डब्यांत मायकलने लपवलेले पैसे सापडतात आणि दारावर पाटी लागते: हे दुकान बंद, ‘द बेअर’ येत आहे. दुसऱ्या सीझनभर भिंती फुटतात, बुरशी निघते, अंकल जिमीकडून आणखी कर्ज घेतलं जातं. जुन्या जागेत फाइन डायनिंग रेस्टॉरंट उभं राहतं. सगळ्यांना उन्नतीची संधी मिळते. मार्कस कोपनहेगनला जातो, टीना पाककला शाळेत जाते आणि तिथे खुलते. तिच्या सोबत पाठवलेला एब्राहीम मात्र गप्प गप्प होत शाळेत यायचाच थांबतो. उन्नती नको असलेलं माणूसही असू शकतं, हे मालिका क्षणभर दाखवते आणि पुढे निघून जाते.

आणि ‘फोर्क्स’. मालिकेतला सगळ्यांत लाडका भाग, माझाही. चाळिशी ओलांडलेला, भांडकुदळ रिची ‘एव्हर’ नावाच्या उच्चभ्रू रेस्टॉरंटमध्ये आठवडाभर काटे पुसायला जातो आणि पाहुणचाराचा अर्थ शिकून, सूट घालून परततो. एका टेबलावरच्या पाहुण्यांना शिकागोचा डीप-डिश पिझ्झा न खाताच परत जावं लागणार असं त्याच्या कानावर येतं. तो धावत जाऊन ‘पीक्वॉड्स’मधून पिझ्झा आणतो. एव्हरचे शेफ त्याचे नीटनेटके गोल तुकडे कापून, सजवून टेबलावर पाठवतात. पाहुणे हरखतात, आपणही हरखतो.

पण ‘नॅपकिन्स’ पाहिल्यावर ‘फोर्क्स’ पुन्हा बघा. रडवेल्या टीनाला न मागता सँडविच देणारा माणूस कोण होता? हाच रिची. तेव्हा त्याच्या अंगावर सूट नव्हता. समोरच्याला काय हवंय ते ओळखून देणं त्याला काटे पुसायच्या कितीतरी आधीपासून येत होतं. फरक इतकाच की एव्हरमध्ये त्या गुणाला नाव होतं, शिस्त होती आणि पैसे मोजणारे पाहुणे होते. जे दुकानात गबाळेपण म्हणून दिसलं तेच रेस्टॉरंटमध्ये कला म्हणून दिसतं. मालिका हा विरोधाभास स्वतःच समोर मांडते, पण त्याची जबाबदारी घेत नाही. तिच्या दृष्टीने रिची बदलला. मला वाटतं, बदलली ती त्याच्याकडे बघण्याची किंमत.

इथे कुणी म्हणेल, जुन्या दुकानाचे फार गोडवे नकोत. बरोबर आहे. ते दुकान अस्वच्छ होतं, आरोग्य तपासणीत त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली होती. ते तोट्यात होतं. कोविडकाळात धंदा तगावा म्हणून रिचीने मागच्या गल्लीत कोकेन विकलं होतं. जो मायकल टीनाच्या समोर बसला त्याच्या शेजारी बसायला कुणाला जमलं नाही, आणि तो गेला. वस्तीचा नाजूक समतोल वगैरे भाषा करणारा पहिल्या सीझनमधला रिची पुष्कळदा स्वतःची भीती झाकत असतो. शिवाय सिडनी आणि टीनाला चांगलं शिकायचं असेल, नाव मिळवायचं असेल, तर त्यांनी आयुष्यभर सँडविचच बांधावीत असं सांगणारे आपण कोण?

हे सगळं मान्य. माझी तक्रार बदलाबद्दल नाही. दुकान दुरुस्त करणं आणि दुकान बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालिकेने त्या एकच धरल्या. स्वच्छ, हिशेबी, शिव्या न घालणारं सँडविचचं दुकान ही शक्यता कुणी नीट मांडतच नाही. खरं तर पहिल्या सीझनच्या मधल्या भागांत तेच घडत होतं. टीना सिडनीला मानू लागली होती, मार्कसचे केक चांगले होत होते, सगळे एकमेकांना ‘शेफ’ म्हणू लागले होते. मला तो काळ मालिकेतला सर्वांत आशादायक वाटतो. पण त्यात पुरेसं स्वप्न नव्हतं म्हणा, किंवा पुरेसं नाट्य नव्हतं.

जुन्या दुकानाचं नव्या व्यवस्थेत काय उरतं? एक खिडकी. बाजूने, दुपारपुरती उघडणारी. तिच्यामागे एब्राहीम, तिसऱ्या सीझनमध्ये बराच काळ एकटा, रांगेपुढे हतबल. आत कार्मी रोज नवा मेन्यू लिहितोय, महागडं लोणी मागवतोय. हिशेब सांगतो की पैसे कमावतेय ती खिडकी. नवं स्वप्न जुन्या सँडविचच्या जिवावर उभं आहे. हा तपशील मालिकेतला सर्वांत खरा तपशील आहे आणि तो बहुतेक वेळा विनोदासाठी वापरला जातो.

पण खिडकी म्हणजे दुकान नव्हे. खिडकीतून सँडविच मिळतं, चव तीच, पाव तोच. पण तिथे बसता येत नाही. कॉफीपुरतेच पैसे असलेलं माणूस आत येऊन टेबलाशी टेकू शकत नाही. त्याला रडू आलं तर समोर येऊन बसायला कुणाकडे खुर्ची नाही. टीना आज त्या पत्त्यावर आली असती तर? आतलं जेवण तिला परवडलं नसतं आणि खिडकीपाशी तिच्यामागच्या माणसाने तिला पुढे सरका म्हटलं असतं.

चौथ्या सीझनमध्ये एब्राहीम खिडकीचा धंदा वाढवायच्या मागे लागतो. एक अनुभवी सल्लागार त्याला भेटतो आणि गोष्ट फ्रँचायझीकडे सरकते. हा रस्ताही अमेरिकेत जुनाच आहे. 1965 साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टमध्ये सतरा वर्षांच्या फ्रेड डेलुकाने कौटुंबिक मित्र पीटर बककडून 1,000 डॉलर घेऊन ‘पीट्स सुपर सबमरीन्स’ उघडलं. तेच पुढे ‘सबवे’ झालं. न्यू जर्सीत 1956 पासून चालणारं ‘माइक्स सब्ज’ तिथे काम करणाऱ्या पीटर कॅन्क्रोने 1975 साली, तोही सतरा वर्षांचा असताना, विकत घेतलं. तेच पुढे ‘जर्सी माइक्स’ झालं आणि 2024 साली ब्लॅकस्टोनने सुमारे आठ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाने त्यात बहुसंख्य हिस्सा घ्यायचा करार केला. दोन्हींची सुरुवात कोपऱ्यावरच्या एका दुकानातून झाली.

म्हणजे या मालिकेत दुकानासमोर दोनच वाटा आहेत. वर जा किंवा आडवे पसरा. स्टार मिळवा किंवा शाखा काढा. आहे तिथे, आहे तेवढं, चांगलं राहणं ही तिसरी वाट तिला दिसत नाही. गंमत म्हणजे ती वाट तिच्या डोळ्यांसमोर आहे. शिकागोच्या ऑर्लिन्स स्ट्रीटवरचं ‘मिस्टर बीफ’ हे खरं दुकान या मालिकेमागची प्रेरणा. ते चालवणाऱ्या कुटुंबातला मुलगा आणि स्टोरर लहानपणापासूनचे मित्र, आणि मालिकेचं सुरुवातीचं चित्रीकरणही तिथलंच. आजूबाजूचा रिव्हर नॉर्थ हा भाग एकेकाळी गोदामांचा आणि कारखान्यांचा होता. आता तिथे आर्ट गॅलऱ्या आणि उंच इमारती आहेत. ‘मिस्टर बीफ’ने नाव बदललं नाही, मेन्यू बदलला नाही, सँडविचच विकत राहिलं. मालिका गाजल्यावर तिथे रांगा लागल्या. पडद्यावर जे दुकान बंद करावं लागलं त्याचं मूळ बाहेर चालूच आहे.

‘द बेअर’ ही माझ्या आवडत्या मालिकांपैकी एक आहे आणि राहील. कामाची लाज न वाटणारी, कामाला वेळ देणारी माणसं इतक्या जवळून दाखवणाऱ्या मालिका थोड्या आहेत. म्हणूनच ‘नॅपकिन्स’ मला तिची सर्वांत प्रामाणिक कबुली वाटते. कार्मीला वारशात काय मिळालं होतं ते त्या भागात आपल्याला कळतं. कार्मीला मात्र ते कळत नाही, कारण त्या दुपारी तो तिथे नव्हता. टीनाला ते ठाऊक आहे. ती आता नव्या, देखण्या स्वयंपाकघरात पास्ता वेळेत व्हावा म्हणून घड्याळाशी झगडते आहे. तिला कुणीतरी विचारायला हवं होतं की भिंत पाडताना ते टेबल कुठे गेलं.