शैलरूपकर्म आणि साच्यातील सौंदर्य

पेण शहर आणि लगतच्या हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात व परदेशीही जातात. हे दैवत आमच्या उपासनेचे नव्हे. तरीही या कलेची चिकित्सा आम्ही आपले काम मानतो. कारण मूर्ती ज्या पाण्यात जाते ते सर्वांचे असते, आणि पाण्यावरील समान हक्कासाठी बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला होता.

शाडूची मूर्ती जड, ठिसूळ व सुकण्यास वेळ घेणारी. प्लास्टरची हलकी, रेखीव व स्वस्त. शाडू पाण्यात विरतो. प्लास्टर सहजी विरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास मात्र तेव्हा दिली नाही. परंतु प्रश्न केवळ कायद्याचा नाही, अभिरुचीचा आहे. गुळगुळीतपणा म्हणजेच सौंदर्य, असे ग्राहकाने मानले आणि कारागिराने ते पुरविले. दोष एकट्या कारागिराचा नव्हे. पर्याय न देता त्याच्यावर बंदी लादणे म्हणजे सम्यक् आजीविकेचा मार्ग दाखविणे नव्हे.

रोह्याहून तळ्याच्या बाजूस गेले की राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी लागतात. तेथील शिलालेखांत महाभोजांच्या परिवाराबरोबरच लेखक, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी यांचीही दाने नोंदली आहेत. एका लेखात कोरीवकामासाठी ‘सेलरूपकम’, म्हणजे शैलरूपकर्म, असा शब्द येतो. कलेचा भार समाजातील अनेक थरांनी उचलला होता, ही गोष्ट आम्हांस शिल्पाइतकीच सुंदर वाटते.

पाषाण टिकतो, शाडू विरतो. दोन्हींत द्रव्याचा स्वभाव ओळखलेला असतो. शाडूचे विरणे हा तर अनित्यतेचा डोळ्यांदेखतचा पाठ होय. प्लास्टर मात्र ना धड टिकते, ना धड विरते. त्यातील उणीव आम्ही कलादृष्ट्याही उणीवच समजतो.

अर्थात, नद्यांचे सारे दुखणे मूर्तींच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. रोह्याच्या कुंडलिकेकाठी धाटावची रासायनिक वसाहत आहे व तेथील सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे. कारागिरास धारेवर धरावयाचे आणि कारखानदारास मोकळे सोडावयाचे, ही पर्यावरणनिष्ठा नव्हे.

मंगलसुत्तात शिल्पाची, म्हणजे हस्तकौशल्याची, गणना मंगलात केली आहे. परंतु तेथे ते विनयाच्या शेजारी येते. म्हणून हा निकष प्रथम आपण स्वतःस लावला पाहिजे. बाजारात बुद्धमूर्तीही प्लास्टरच्या मिळतात. विहारासाठी मूर्ती निवडताना ती किती शुभ्र आहे एवढेच पाहू नये. ती कशाची आहे, कोणत्या हातांनी घडविली आणि त्या हातांना काय मिळाले, हेही उपासकांनी विचारावे. विचारणाऱ्यांची संख्या वाढली, तर अभिरुची बदलेल. आणि अभिरुची बदलल्यावाचून साचा बदलणार नाही.