‘प्रजननाचे डावपेच’ : एका संज्ञेची चिकित्सा

गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवरील लेखनात ‘प्रजननाचे डावपेच’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. डॅफ्नियासारख्या काही मिलिमीटरच्या जीवाच्या ठायी डाव टाकणारा कर्ता कल्पिणे हा या संज्ञेचा उघड दोष होय. परंतु परिभाषेत रूपके शिरायचीच, तेव्हा तो क्षम्य मानता येईल. ही संज्ञा दोन भिन्न घटनांवर एकच पांघरूण घालते, हा दोष मात्र गंभीर आहे.

ब्रुक्स व डॉडसन यांनी १९६५ साली कनेक्टिकटमधील क्रिस्टल सरोवरातील १९४२ व १९६४ च्या प्लवकांची तुलना प्रसिद्ध केली. मधल्या काळात तेथे प्लवकभक्षी मासा आला होता. मोठ्या जाती जाऊन लहान उरल्या. एखाद्या जीवाने आपली वीण बदलली, असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. माशाने मोठे वेचून खाल्ले, इतकेच. याउलट स्टिबोर यांच्या १९९२ च्या प्रयोगांत भक्षकाने पाण्यात सोडलेली रासायनिक द्रव्ये तेवढी होती. माशाच्या द्रव्याने डॅफ्निया लहान आकारातच प्रजननक्षम झाली. लहान भक्ष्य टिपणाऱ्या केओबोरस कीटकाच्या अळीच्या द्रव्याने तिने वाढ होईपर्यंत थांबणे पत्करले. (‘पत्करले’ या क्रियापदानेही कर्ता आणलाच!)

पहिल्या घटनेस ‘निवड’ व दुसरीस ‘प्रतिसाद’ म्हणणे युक्त. प्रतिसादाची क्षमताही निवडीतूनच घडली, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यामुळे दोहोंना एकच नाव देणे समर्थनीय ठरत नाही.