शेतकऱ्याचें सुख कोणीं मोजावें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेब्रास्का हें संस्थान मका आणि गुरें यांवर जगणारें. त्याच्या सरहद्दीवरील पाट्यांनीं अनेक वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगितलें कीं, चांगलें जीवन तें येथेंच. पुढें २०१८ सालीं त्याच संस्थानाच्या पर्यटनखात्यानें जाहिरात काढली तिचा मतलब असा कीं, खरें सांगावयाचें तर हा प्रांत सर्वांनाच मानवेल असें नाहीं! दुसरें विधान विनोदानें केलेलें आहे. परंतु या दोहोंतील तंटा जुना आहे. तेथील ललित वाङ्‌मयांत तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला असून, त्याच्या दोन्ही बाजू एकाच लेखिकेच्या लेखनांत सांपडतात.

विला कॅथर यांचा जन्म १८७३ सालीं व्हर्जिनियांत झाला. नऊ वर्षांच्या असतां त्या आईबापांबरोबर नेब्रास्कांत आल्या, लिंकन येथील विद्यापीठांत शिकल्या आणि १८९६ सालीं प्रांत सोडून पूर्वेकडे गेल्या. १९०४ सालीं त्यांची 'अ वॅग्नर मॅटिने' ही लघुकथा प्रसिद्ध झाली. बोस्टनमध्यें संगीत शिकविणारी एक स्त्री घरच्यांचें न ऐकतां लग्न करून नेब्रास्कांतील माळावर जाते, तीस वर्षें शेतावर खपते आणि वारशाच्या कामानिमित्त बोस्टनला परत येते. भाचा तिला वॅग्नरच्या संगीताच्या जलशाला नेतो. जलसा संपतो, पण वृद्धेचा पाय निघत नाहीं. कारण दाराबाहेर तिच्यासाठीं तोच उघडा माळ आणि तेंच विटलेलें घर उभें आहे.

ही कथा वाचून नेब्रास्कांतील लोक रागावले. लिंकनच्या वर्तमानपत्रानें टीका केली; घरच्या माणसांनाहि ती रुचली नाहीं. पुढें कॅथरबाईंनीं त्या वृद्धेच्या रूपाचें वर्णन सौम्य केलें. आमच्या मतें हा वाद भलत्याच ठिकाणीं रंगला. तिचा चेहरा रापलेला होता कीं नव्हता, हा कथेचा प्रश्नच नव्हे. ज्या जिवाला संगीताची भूक आहे त्याला तीस वर्षें तें मिळालें नाहीं, तर भरलेल्या कोठारानें त्याची भरपाई होते काय, हा प्रश्न आहे. आणि चेहरा मवाळ केल्यानें तो मिटत नाहीं.

नऊ वर्षांनीं 'ओ पायोनियर्स!' ही कादंबरी आली, आणि जे रुष्ट झाले होते त्यांना ती आपल्या प्रांताचें स्तोत्र वाटली. १८६२ च्या कायद्यानें पांच वर्षें वस्ती व मशागत करणाऱ्या कुटुंबास १६० एकर जमीन मिळूं लागली होती. झाडझाडोरा नसलेल्या त्या माळावर लोकांनीं गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचीं घरें बांधलीं. अशा वसाहतींतील अलेक्झांड्रा ही स्वीडिश कन्या बाप वारल्यावर, भाऊ जमीन विकूं पाहत असतां, उलट अधिक जमीन घेते आणि संपन्न होते. येथवर ही कथा विजयाची आहे. परंतु पुस्तकाचें मर्म अलेक्झांड्रा आणि शहरांतून परतलेला तिचा बाळमित्र कार्ल यांच्या संवादांत आहे. तो म्हणतो कीं, शहरांत मोकळीक आहे खरी, पण तेथें कोणाचें कोणावांचून अडत नाहीं. मेलेल्याला कोठें पुरावें हेंहि लोकांना ठाऊक नसतें. ती उत्तर देते कीं, किंमत आम्हीहि देतों. येथें माणूस जड होत जातो. मग ती एका गड्याच्या बहिणीची गोष्ट सांगते. शेताबाहेरचें जग न पाहिलेली ती मुलगी जिवावर उदार झाली होती. तिला आयोवांत नातेवाइकांकडे धाडलें. एवढें मोठें जग आहे हें पाहून ती परतली आणि आनंदानें कामाला लागली. येथें कोणाचाच पक्ष जिंकत नाहीं. दोघेहि आपापल्या पदरचा खर्च सांगतात. ही निःपक्षपातता आम्हांस कादंबरीच्या सुखान्त शेवटापेक्षां मोलाची वाटते. शिवाय, जमीन वाढविली बहिणीनें, पण घराण्याची मिळकत पुरुषांची असें भाऊ तिलाच ऐकवितात, हें कॅथरबाई लपवीत नाहींत.

'माय अँटोनिया' (१९१८) या अधिक कीर्ति पावलेल्या कादंबरींत मात्र हा तोल किंचित् ढळला आहे. तिचा निवेदक जिम बर्डन हा न्यूयॉर्कला राहणारा, रेल्वे कंपनीचा वकील. वीस वर्षांनीं तो अँटोनियाच्या घरीं येतो. मुलाबाळांनीं गजबजलेलें घर, फळांची बाग, भरलेलें तळघर पाहून तो धन्य होतो. चित्र सुंदर आहे, पण तें पाहुण्यानें काढलेलें आहे. तिच्या बापानें पहिल्याच हिवाळ्यांत आत्महत्या केली होती. ती गोष्ट पुस्तकांत आहे, परंतु शेवटच्या सोनेरी उजेडांत ती फार दूर गेल्यासारखी वाटते.

ही उणीव भरून निघते ती मारी सँडोझ यांच्या 'ओल्ड ज्यूल्स' (१९३५) या पितृचरित्रांत. ज्यूल्स हा स्वित्झर्लंडहून आलेला; वाळूच्या टेकड्यांत त्यानें फळबागा उठविल्या, वसाहत वाढविली आणि घरांत बायकांना मारहाण केली. लेखकवर्गाचा तिटकारा असलेल्या या माणसानें १९२८ मध्यें मरतांना मुलीला आपल्याविषयीं लिहिण्यास सांगितलें. तिनें त्याचें कर्तृत्व आणि त्याचा हात दोन्ही लिहून ठेविले. बर्फाच्या वादळानंतर गाडलेलीं गुरें काढतांना लहानपणींच तिचा एक डोळा गेला होता. तिचें लेखन पाहुण्याचें नव्हे. ज्या भूमीला कॅथरबाई बहुधा रिकामी म्हणून रंगवितात, ती तशी नव्हती याचें भानहि सँडोझबाईंना आहे. पॉनी लोकांना तेथून १८७० नंतरच्या दशकांत घालवून देण्यांत आलें होतें. आणि नेब्रास्कांतील फोर्ट रॉबिन्सन येथें १८७७ सालीं मारल्या गेलेल्या लाकोटा नायकाचें, क्रेझी हॉर्सचें, चरित्र त्यांनीं १९४२ सालीं लिहिलें.

आपणां सुशिक्षितांपैकीं पुष्कळांचें खेड्याशीं नातें जिम बर्डनसारखेंच असतें. सुटींत जावें, हिरवें शेत पाहावें आणि तेथील जीवनाला सुखी ठरवावें, किंवा एका उन्हाळ्याच्या अनुभवावरून दुःखी. हे दोन्ही निकाल घाईचे होत. पीक किती आलें याबरोबर तें कोणाच्या श्रमानें आलें, त्याचा मालक कोण झाला, आणि त्या घरांतील बाईला वर्षांतून एकदां तरी माळापलीकडे जातां आलें काय, हें विचारल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. 'माय अँटोनिया' अवश्य वाचावी. परंतु तिच्या शेजारीं ती बोस्टनची छोटी कथा आणि 'ओल्ड ज्यूल्स' हीं ठेवावींत, एवढीच आमची शिफारस आहे.