रोझेनहान यांचा प्रयोग : वॉर्डातील रुग्णांच्या संमतीचा प्रश्न

प्रस्तावना :

मनोविकारविषयक संशोधनातील नैतिकतेचा विचार करताना डेव्हिड रोझेनहान यांच्या प्रयोगाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. जानेवारी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध निदानाच्या मर्यादांचा पुरावा म्हणून शिकवला जातो. प्रस्तुत लेखात त्याचे नैतिक अंगाने परीक्षण केले आहे.

विवेचन :

निबंधानुसार ८ निरोगी व्यक्ती आवाज ऐकू येत असल्याचे खोटे सांगून अमेरिकेतील १२ रुग्णालयांत दाखल झाल्या. त्यांचा सरासरी मुक्काम १९ दिवसांचा होता. १९७५ मध्ये रॉबर्ट स्पिट्झर यांनी घेतलेले आक्षेप मुख्यतः निदानाच्या तर्काविषयी होते. ही लपवाछपवी अप्रिय असली तरी आवश्यक होती, असे समर्थन स्वतः रोझेनहान यांनी केले. तथापि, वॉर्डातील खऱ्या रुग्णांच्या संमतीचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

पहिल्या तीन वेळच्या वास्तव्यात ११८ पैकी ३५ रुग्णांनी या तोतया रुग्णांविषयी संशय बोलून दाखवला. जे डॉक्टरांना उमगले नाही ते रुग्णांनी ओळखले, हे निबंधातील सर्वांत प्रभावी प्रमाण होय. परंतु त्या रुग्णांना मिळालेले उत्तर काय होते? आपण आधी आजारी होतो, आता बरे आहोत, असे सांगून त्यांची समजूत घालण्यात आली. ज्यांच्या विवेकावर समाज आधीच अविश्वास दाखवतो, त्यांचा अचूक निष्कर्षही संशोधनाच्या सोयीसाठी खोटा ठरवला गेला. रुग्णांच्या अवहेलनेविरुद्ध लिहिलेल्या निबंधातील ही विसंगती गंभीर आहे.

आजचे निकष त्या काळाला लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येऊ शकेल. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन कायदा १९७४ चा आहे, हे खरे. मात्र संमतीचे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आधीच मांडले गेले होते.

गोपनीयतेची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. सुझाना कॅहॅलन यांनी २०१९ मधील 'द ग्रेट प्रिटेंडर' या ग्रंथात दाखवून दिले की, रोझेनहान यांनी स्वतः दाखल होताना निबंधात नमूद केल्यापेक्षा अधिक लक्षणे सांगितली होती. सहभागी व्यक्तींपैकी बहुतेकांचा मागही त्यांना लागला नाही. म्हणजे जी गोपनीयता सहभागींच्या संरक्षणासाठी होती, तीच पडताळणीच्या आड आली.

निष्कर्ष :

भारतातील मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार मनोरुग्णाची केवळ मुलाखत घ्यावयाची असली, तरी त्याची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. म्हणून हा प्रयोग वर्गात शिकवताना डॉक्टर कसे फसले, एवढेच सांगून थांबणे पुरेसे नाही. त्या ३५ रुग्णांना खरे उत्तर का मिळाले नाही, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.