चेहरा नसलेले मनगट

योसेफ कौडेल्का या झेक छायाचित्रकाराचे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९६८ चा ऑगस्ट. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसलेले. चित्रात मात्र ओसाड हमरस्ता आणि पुढे घड्याळ बांधलेले एक मनगट, एवढेच. त्या मनगटाला चेहरा नाही.

चित्रांना नावही नव्हते. ती चोरून परदेशी गेली, १९६९ मध्ये छापली गेली, ती 'प्रागचा छायाचित्रकार' एवढ्याच ओळखीवर. मानाचे पदक मिळाले, तेही निनावी! घरच्यांचा छळ होईल ही धास्ती. १९८४ मध्ये, वडील वारल्यावर, ती त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षे आपलीच कीर्ती परक्यासारखी पाहायची. आम्हां लेखकांपैकी कितीजणांना हे साधेल?

१९७० मध्ये त्याचा देश सुटला आणि विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो युरोपभर हिंडला. पण भटक्यांशी त्याचे नाते त्याआधीचे. विमानांचा हा इंजिनियर स्लोव्हाकियातल्या रोमा वस्त्यांत कॅमेरा घेऊन जाई. यराबिना गावचा तो तरुण पाहा (१९६३): हातांत बेड्या, मागे दूरवर गावकरी. येथे दैन्य आहे, दया नाही. घराघरांतली माणसे त्याच्याकडे, पाहुण्याकडे पाहावे तशी, सरळ पाहतात.

'एक्झाइल्स'मध्ये (१९८८) अशी नजर क्वचितच भेटते. बर्फावरचे ते काळे कुत्रेसुद्धा एकटे. रचना तेथे अधिक रेखीव, हे खरे. तरी मी पुन्हा उघडतो तो 'जिप्सीज'च (१९७५).