म्यान आधी बघा

इथे ब्राउनश्वाइगला एका जुन्या बाजारात परवा दोन खोकी बघितली. एकात स्वीडन-फिनलंडकडचे चाकू, पुसूनपासून, तेल लावून मांडलेले. दुसऱ्यात चामड्याची म्यानं, नुसता ढीग. कुठलं म्यान कुठल्या चाकूचं, हे विक्रेत्यालाही सांगता येईना. घेणारेही भिंग काढून पात्यावरचा शिक्का वाचत होते. ढिगाकडे कुणी वळत नव्हतं.

मला हे वाचनच उलटं वाटतं.

मोराचा साधा चाकू घ्या. स्वीडनमधल्या मोराजवळ फ्रॉस्टचा कारखाना 1891 सालचा, एरिक्सनचा 1912 चा. 2005 मध्ये दोन्ही एक झाले. बर्चची लाल मूठ, मध्ये फुगीर. नवख्याला खटकतं ते हे, की बोट घसरू नये म्हणून मूठ आणि पात्याच्या मध्ये आडवी अडणी नाही. (काही नमुन्यांना असते, पण ती परंपरा नव्हे.) हा दोष वाटतो तो चाकू एकटा बघितला म्हणून. म्यानात घालून बघा: मुठीचा बराच भाग आत जातो आणि चाकू नुसत्या घट्टपणावर राहतो. अडणी असती तर मूठ आत गेलीच नसती. मुठीचा आकार अर्धा हातासाठी आहे, अर्धा म्यानासाठी.

फिनलंडच्या पुक्कोचं तेच. ओलं चामडं त्याच चाकूवर ताणून मागच्या बाजूला शिवतात, आत पात्यासाठी लाकडाचं अस्तर. काउहावाच्या यार्वेनपा कारखान्याच्या (1879) पुक्कोला मुठीच्या टोकाला घोड्याचं डोकं असतं. चाकू कमरेला असताना बाहेर राहतं ते तेवढंच. नक्षी तिथे का, हे म्यानाशिवाय कळणार कसं?

सर्वांत मोठी चूक होते ती सामी लोकांच्या चाकूबाबत. त्यांचं पातं अनेकदा बाहेरून आणलेलं. कारागिरी असते रेनडिअरच्या शिंगाच्या मुठीत आणि म्यानात: दक्षिणेकडे दाट, भौमितिक गुंफण, उत्तरेकडे मोकळी नक्षी. शिक्का वाचणारा म्हणणार, ‘स्वीडिश कारखाना’, आणि खरी वस्तू ढिगात टाकणार.

दोन्ही वेगळं ठेवायला एक रास्त कारण आहे, ते नाकारत नाही. चामडं ओल धरतं, साधं पोलाद त्यात वर्षानुवर्षं राहिलं तर गंजतं. मग वेगळं ठेवा, पण दोन्हींना एकाच क्रमांकाची चिठ्ठी बांधा. आणि घरी नेताना बंद डब्यात न्या. 2024 च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत बाजार-जत्रांमध्ये चाकू अंगावर बाळगायला बंदी आहे.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय खरा, पण आमच्या कोकणातल्या घरी आजोबांचा कोयता भिंतीवर लावलाय, वार्निश देऊन. तो कमरेला ज्यात अडकवायचे ती लाकडी आकडी कुठेच नाही. आकडीशिवाय तो नुसता वाकडा लोखंडी तुकडा. माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून माडावर कसा चढत होता, ते त्यातून दिसत नाही. बाजारातून आल्यावर काकांना फोन केला.

“आकडी?” ते म्हणाले. “लाकडाचीच ना रे ती? न्हाणीच्या चुलीत गेली असेल.”